तिबेरियस खरंच एवढा वाईट होता का? एका नाणेवाल्याचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की एका सिरीजमध्ये तिबेरियस नावाचा रोमन सम्राट पार विकृत म्हातारा दाखवलाय, बेटावर बसून लोकांना कड्यावरून ढकलणारा, आणि आजोबांच्या ट्रंकेत मिळालेल्या चांदीच्या नाण्यावर बहुतेक त्याचंच नाव आहे, तर हा माणूस खरा कसा होता. मी इतिहासाचा प्रोफेसर नाही. तीस वर्षं जुनी नाणी ओळखायचं, तोलायचं, कॅटलॉग करायचं काम केलंय, त्यामुळे माझं उत्तर नाण्यापासूनच सुरू होणार.

तुमच्या नाण्याच्या पुढच्या बाजूला उजवीकडे बघणारा, डोक्यावर पानांची माळ घातलेला चेहरा असेल आणि मागच्या बाजूला खुर्चीवर बसलेली बाई, एका हातात लांब दंड, दुसऱ्यात फांदी. ही बाई म्हणजे त्याची आई लिव्हिया असं बरेच जण मानतात. शेजारी 'पाँटिफ मॅक्सिम', म्हणजे मुख्य पुरोहित. आता गंमत बघा, हा माणूस इ.स. १४ ते ३७ अशी जवळजवळ तेवीस वर्षं गादीवर होता आणि त्यातली बहुतेक सगळी वर्षं त्याचं चांदीचं नाणं हेच. तोच चेहरा, तीच बाई, तीच अक्षरं. त्याच्या आधीच्या ऑगस्टसने नाण्यांवर काय काय नाही छापलं, मगर, धूमकेतू, बैल, नातवंडं, जिंकलेले देश. नाणं म्हणजे तेव्हाचं सरकारी जाहिरातीचं पानच होतं आणि तिबेरियसला जाहिरातच नको होती. मला हा माणूस पहिल्यांदा कळला तो इथे, पुस्तकात नाही.

जन्म इ.स.पू. ४२, नोव्हेंबरची १६ तारीख. वडील ऑक्टेव्हियनच्या (म्हणजे पुढच्या ऑगस्टसच्या) विरोधी गटात, त्यामुळे तान्ह्या पोराला घेऊन आईबाप सिसिली, मग ग्रीस असे पळत होते. माफी मिळून परत आले तर ज्याच्यापासून पळाले त्या ऑक्टेव्हियनचंच मन लिव्हियावर बसलं. ती तेव्हा दुसऱ्यांदा गरोदर, तरी नवऱ्याने सोडचिठ्ठी दिली आणि इ.स.पू. ३८ च्या जानेवारीत लग्न लागलं. वडील वारले तेव्हा हा नऊ वर्षांचा, आणि अंत्यविधीचं भाषण यानेच केलं. म्हणजे सावत्र बापाच्या घरात, आणि तो सावत्र बाप जगाचा मालक. ऑगस्टसला स्वतःचा मुलगा नाही, एकच मुलगी, जूलिया. त्यामुळे वारस कोण हा खेळ चाळीस वर्षं चालला आणि तिबेरियस प्रत्येक वेळी राखीव खेळाडू.

पोरगा मात्र कामाचा निघाला. विशीत पार्थियन (आजच्या इराणकडच्या) लोकांकडून हरवलेली रोमन निशाणं परत आणायच्या मोहिमेत होता, मग आल्प्स, पॅनोनिया (आजच्या हंगेरीच्या बाजूला), जर्मेनिया. माझ्या मते त्या पिढीतला सगळ्यात भरवशाचा सेनापती, धडाकेबाज नाही पण माणसं फुकट न मारणारा. लग्न झालं होतं विप्सानियाशी, ऑगस्टसचा उजवा हात अग्रिप्पा त्याची मुलगी, आणि या दोघांचं खरंच पटत होतं. इ.स.पू. १२ मध्ये अग्रिप्पा गेला, जूलिया विधवा झाली, आणि ऑगस्टसने हुकूम काढला की तू बायकोला सोड आणि माझ्या मुलीशी लग्न कर. विप्सानिया तेव्हा गरोदर होती. याने ऐकलं. पुढे एकदा ती रस्त्यात दिसली तर हा डोळ्यांत पाणी आणून तिच्या मागे मागे चालत गेला, मग ती परत कधी याच्या नजरेला पडणार नाही याची व्यवस्था करण्यात आली. हे सांगणारा सुएटोनियस, सम्राटांची चरित्रं लिहिणारा रोमन लेखक, जो एरवी याची एकही घाण सांगायची सोडत नाही, त्यामुळे मला तरी ही गोष्ट खरी वाटते. तिचं दुसरं लग्न असिनियस गॅलस नावाच्या सिनेटरशी झालं, हे नाव लक्षात ठेवा, परत येणार आहे.

मग इ.स.पू. ९ मध्ये सख्खा भाऊ द्रूसस जर्मेनियात घोड्यावरून पडून गेला. तो अखेरच्या घटका मोजतोय कळल्यावर हा एका दिवसरात्रीत दोनशे मैल दौडत गेला असं प्लिनी हा रोमन लेखक सांगतो, आणि येताना प्रेताच्या पुढे रोमपर्यंत चालत आला. तीन वर्षांनी, म्हणजे इ.स.पू. ६ मध्ये, सगळं ऐन भरात असताना हा म्हणाला मला पुरे झालं, मी ऱ्होड्स बेटावर जातो. ऑगस्टस नाही म्हणाला तर याने चार दिवस अन्न सोडलं. कारणं खूप सांगतात, जूलियाचं वागणं, ऑगस्टसच्या नातवांना वाट मोकळी करून देणं, थकवा. मला वाटतं थोडं थोडं सगळंच. ऱ्होड्सचा एक किस्सा मला फार आवडतो. एक दिवस सहज म्हणाला की आज गावातल्या आजारी लोकांना भेटावं म्हणतो, आणि हाताखालच्यांनी काय केलं तर गावातले सगळे आजारी उचलून आणून एका ओसरीत आजारांप्रमाणे रांगा लावून ठेवले. आपल्याकडे मंत्री येणार म्हटल्यावर हॉस्पिटलात होतं तसंच. हा इतका खजील झाला की एकेकापाशी जाऊन माफी मागत बसला. दुसरा किस्सा डायोजेनिस नावाच्या मास्तरांचा, ते दर सातव्या दिवशी व्याख्यान देत, हा मधल्याच दिवशी गेला तर नोकराकरवी निरोप, सातव्या दिवशी या. पुढे हा सम्राट झाल्यावर तेच मास्तर रोमला मुजरा करायला दारात उभे, तर याने निरोप पाठवला, सातव्या वर्षी या. एवढ्यावर सोडून दिलं, मास्तरांना काही केलं नाही.

ऑगस्टसचे दोन्ही लाडके नातू, लूसियस इ.स. २ मध्ये आणि गायस इ.स. ४ मध्ये, गेले. आता घरात भरवशाचं दुसरं कुणी उरलं नाही म्हणून ४ साली याला दत्तक घेतलं, तेही अट घालून, की स्वतःचा मुलगा असताना तू आधी पुतण्या जर्मानिकसला दत्तक घे. म्हणजे गादी तुझी, पण पुढे जाणार माझ्या रक्ताकडे. त्यानंतर पॅनोनियातलं मोठं बंड (इ.स. ६ ते ९) मोडलं याने आणि तेवढ्यात जर्मेनियाच्या जंगलात वारुस नावाच्या सेनापतीने तीन लीजन (सैन्याच्या मोठ्या तुकड्या) घालवले, तिकडे धावलाही हाच.

१९ ऑगस्ट १४ ला ऑगस्टस वारला. हा चोपन्न वर्षांचा. आणि इथे पहिली मोठी चूक, जिची फळं शेवटपर्यंत भोगली. पहारेकऱ्यांना परवलीचा शब्द द्यायला लागला होता, सैन्याला पत्रं गेली होती, आणि सिनेटमध्ये उभा राहून मात्र म्हणतोय की एवढा भार एका माणसाला कसा झेपेल, मला एखादा भाग द्या. आपल्याकडे याला ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात. एक जण ओरडला, घ्या नाहीतर सोडा! दुसरा म्हणाला, बाकीचे लोक कबूल केलेलं करायला वेळ लावतात, हे करत असलेलं कबूल करायला वेळ लावतायत. आणि तिसरा, ज्याने शांतपणे विचारलं की मग राज्याचा कुठला भाग हवाय तुम्हाला, तो असिनियस गॅलस. विप्सानियाचा नवरा. तिबेरियस क्षणभर गप्प झाला म्हणतात. सोळा वर्षांनी गॅलसला पकडलं आणि तीन वर्षं कैदेत ठेवलं, शेवटी ३३ साली तो उपासमारीने मेला. हा माणूस विसरत नसे.

मला वाटतं तो ढोंग करत नव्हता, निदान सगळं ढोंग नव्हतं. त्याला खरंच सिनेटने काम करावं असं वाटत होतं आणि सिनेटला फक्त याच्या मनात काय आहे ते ओळखून त्यावर मान डोलवायची होती. सभेतून बाहेर पडताना ग्रीकमध्ये पुटपुटायचा, काय ही गुलामीला टपलेली माणसं. नोव्हेंबर महिन्याला तुमचं नाव देऊ म्हणाले तर याने विचारलं, आणि तेरावा सीझर झाला की काय कराल? (आपल्याकडे अधिक मास तरी आहे.) ट्रॉयकडचे लोक याच्या मुलाच्या मृत्यूचं सांत्वन करायला फार उशिरा आले तर म्हणाला, तुमचाही हेक्टर गेला, माझ्याही सहवेदना. हेक्टर म्हणजे ट्रॉयच्या कथेतला वीर, तो जाऊन हजार वर्षं झालेली! विनोद म्हणून फर्स्ट क्लास पण सम्राटाने असे विनोद केले की समोरच्याला हसावं की पळावं कळत नाही.

पहिली दहाएक वर्षं राज्यकारभार मात्र चोख. आल्या आल्या पॅनोनिया आणि ऱ्हाइन नदीवर सैन्याची बंडं झाली, शिपायांचं म्हणणं रोज दहा आस (तांब्याची छोटी नाणी) मिळतात, आम्हाला रोज एक डिनॅरियस द्या, म्हणजे तुमच्या ट्रंकेतलं नाणं, आणि सोळा वर्षांनी मोकळं करा. दोन्ही निभावून नेलं. जर्मेनियात पुढे घुसायचा नाद सोडला, ऱ्हाइनवर थांबायचं ठरवलं, लोकांना ते कंटाळवाणं वाटलं पण बरोबर होतं. इजिप्तच्या अधिकाऱ्याने ठरल्यापेक्षा जास्त कर पाठवला तेव्हा याचं उत्तर, माझी मेंढरं कातरायची आहेत, सोलायची नाहीत. इ.स. १७ ला आशिया प्रांतात, आजच्या पश्चिम तुर्कस्तानात, एका रात्रीत बारा शहरं भूकंपाने पडली. सगळ्यात जास्त फटका सार्डिसला, तर त्यांना एक कोटी सेस्टर्स (चार सेस्टर्स म्हणजे एक डिनॅरियस) रोख आणि पाच वर्षं करमाफी. यावर मात्र त्याने नाणं काढलं, मोठं पितळी, 'आशियाची शहरं पुन्हा उभी केली' असं लिहिलेलं. तेवीस वर्षांत बढाई मारली ती या कामाची, लढाईची नाही. स्पेनमधल्या लोकांनी देऊळ बांधू का विचारलं तर नाही म्हणाला, मी माणूस आहे.

मग बिघडलं कुठे? एक म्हणजे जर्मानिकस. देखणा, लोकप्रिय, आणि इ.स. १९ मध्ये सिरियातल्या अँटिओकला मेला तो विषाचा संशय घेऊन. आरोप पिसो नावाच्या गव्हर्नरवर, खटला चालला, निकालाआधीच त्याने जीव दिला. सिनेटचा त्या प्रकरणातला ठराव ब्राँझच्या पत्र्यावर कोरलेला स्पेनमध्ये सापडलाय, मेटल डिटेक्टरवाल्यांच्या कृपेने, त्यामुळे टॅसिटस या रोमन इतिहासकाराची गोष्ट एका तरी ठिकाणी सरकारी कागदाशी ताडून बघता येते. लोकांनी मात्र मनात पक्कं केलं की काकानेच मारलं. पुरावा नाही.

दुसरा, आणि खरा, सेजानस. प्रिटोरियन गार्डचा, म्हणजे सम्राटाच्या अंगरक्षक दलाचा, प्रमुख. विखुरलेल्या तुकड्या इ.स. २३ च्या सुमाराला रोमच्या कडेला एका छावणीत आणल्या त्या याने, म्हणजे शहराच्या मानेवर सुरीच ठेवली म्हणा. त्याच वर्षी तिबेरियसचा एकुलता मुलगा द्रूसस (काकाचंच नाव) वारला. २६ साली स्पर्लोंगाच्या गुहेत जेवण चालू असताना दरड कोसळली तर सेजानसने अंगाची ढाल करून सम्राटाला वाचवलं, झालं, त्यानंतर शंका घ्यायला जागाच राहिली नाही. त्याच वर्षी तिबेरियसने रोम सोडलं, २७ ला काप्री बेटावर जाऊन बसला आणि पुढची दहा वर्षं, मरेपर्यंत, शहरात पाऊल टाकलं नाही. जवळपास यायचा, परत फिरायचा. आईच्या अंत्यविधीलाही आला नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि शेळ्या हाकायला मागे ठेवला तो लांडगा. प्रत्येक पत्र, प्रत्येक भेट सेजानसच्या हातून. जर्मानिकसची बायको अग्रिपिना आणि तिची दोन मोठी मुलं याच काळात अडकवली गेली आणि तिघंही संपली.

राजद्रोहाचे खटले म्हणजे काय होतं तेही सांगतो, कारण नुसतं 'क्रूर' म्हणून भागत नाही. सरकारी वकील नावाचा प्रकारच नव्हता, कुणीही खटला भरायचा आणि जिंकला तर आरोपीच्या मालमत्तेतला किमान चौथा हिस्सा फिर्यादीचा. म्हणजे चुगली हा धंदा झाला. सुरुवातीला तिबेरियस असल्या केसेस उडवून लावायचा, ऑगस्टसच्या नावाने खोटी शपथ घेतली अशी तक्रार आली तेव्हा म्हणाला देवांचा अपमान देव बघून घेतील. पण २४ साली सिनेटर म्हणाले की आरोपीने आधीच आत्महत्या केली तर फिर्यादीला बक्षीस नको, तेव्हा यानेच ते हाणून पाडलं. पुढच्याच वर्षी क्रेमुटियस कॉर्डस नावाच्या इतिहासकारावर खटला, कारण काय तर पुस्तकात ज्यूलियस सीझरच्या मारेकऱ्यांपैकी कॅसियसला 'शेवटचा रोमन' म्हटलं. त्याने अन्न सोडून जीव दिला. आणि सुएटोनियस म्हणतो की ऑगस्टसची छाप असलेलं नाणं घेऊन संडासात किंवा वेश्येकडे जाणं हासुद्धा फाशीचा गुन्हा झाला होता. थोडा मसाला वजा करा, पण नाणं घेऊन न फिरणारा माणूस बाजारात कसा फिरणार, म्हणजे कुणालाही पकडायची सोय झाली एवढं खरं.

सेजानसचा शेवट मात्र सिनेमाला शोभेल असा. ३१ साली तो सम्राटाच्या जोडीने कॉन्सल, सगळ्यात वरच्या पायरीवर. १८ ऑक्टोबरला सिनेटमध्ये काप्रीहून आलेलं लांबलचक पत्र वाचायला घेतलं, याला वाटलं आता मोठा अधिकार मिळणार, लोक अभिनंदन करायला शेजारी येऊन बसलेले. पत्र इकडचं तिकडचं बोलत बोलत शेवटी याला अटक करा म्हणतं, तोवर शेजारची बाकं रिकामी झालेली. दाराबाहेर गार्डचा नवा प्रमुख मॅक्रो याने पहारे आधीच बदलून ठेवले होते. त्याच दिवशी गळा आवळला. मग मुलंही मारली, लहान मुलीसकट. त्याच्या सोडलेल्या बायकोने मरण्यापूर्वी पत्र लिहून कळवलं की तुमच्या मुलाला आठ वर्षांपूर्वी सेजानसने आणि तुमच्याच सुनेने विष दिलं होतं. खरं असो नसो, सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या हातात असं पत्र पडल्यावर काय होणार. स्पेनमध्ये बिल्बिलिस गावाने त्या वर्षी तांब्याची नाणी पाडली होती सेजानसचं नाव घालून, त्यातली काही अशी सापडतात की तेवढंच नाव छिन्नीने खरवडून काढलंय. असं नाणं मी एकदा भिंगाखाली धरलं होतं. कुणीतरी साधा माणूस घरात बसून, जवळचं चिल्लर पुढ्यात ओतून, एक एक नाव खरवडतोय. भीती म्हणजे काय हे मला टॅसिटसच्या शंभर पानांपेक्षा तिथे जास्त कळलं.

त्यानंतरची वर्षं वाईट, त्यात वाद नाही. ३३ साली सेजानसच्या नावाने तुरुंगात असलेल्या सगळ्यांना एका हुकमात मारलं. पण याच ३३ साली त्याने जे दुसरं केलं ते बँकेतल्या लोकांनी वाचायला हवं. सावकारीचा एक जुना कायदा धूळ खात पडला होता, खबऱ्यांनी तो उकरून काढला, सिनेटर घाबरले कारण तेच सगळे सावकार, दीड वर्षाची मुदत मिळाली, तर सगळ्यांनी एकदम कर्जं परत मागितली. कर्जदार जमिनी विकायला निघाले, सगळेच विकणारे म्हटल्यावर भाव कोसळले, आणि रोकड आधीच सरकारी तिजोरीत जाऊन बसलेली. शेवटी तिबेरियसने दहा कोटी सेस्टर्स पेढ्यांमार्फत बाजारात सोडले, तीन वर्षं बिनव्याजी, अट एकच की दुप्पट किमतीची जमीन तारण. बाजार सावरला. दोन हजार वर्षांपूर्वी, बरं का.

आता काप्रीच्या भानगडी, ज्याच्यासाठी तुम्ही विचारलंत. पोहण्याच्या तलावातली लहान मुलं, कड्यावरून फेकलेली माणसं वगैरे. हे तपशील मुख्यतः सुएटोनियसचे, तो लिहितो सम्राट मेल्यावर ऐंशीएक वर्षांनी. सत्तरीतला म्हातारा एका बेटावर, सोबत ज्योतिषी थ्रासिलस आणि ग्रीक पंडित, भिंतीआड काय चाललंय कुणालाच दिसत नाही, मग लोक जे रंगवायचं ते रंगवणारच. मी त्यातलं बहुतेक बाजूला ठेवतो. मासेवाल्याची गोष्ट मात्र पटते, मोठा मासा भेट द्यायला बिचारा मागच्या कड्याने चढून आला, हा दचकला, आणि त्याच माशाने त्याचं तोंड घासायला लावलं. मासेवाला म्हणाला, बरं झालं खेकडा आणला नाही. तर खेकडाही मागवला. हे पटतं कारण यात विकृतीपेक्षा घाबरलेला माणूस दिसतो.

१६ मार्च ३७ ला मिसेनमला गेला, वय ७७. मॅक्रोने पांघरुणाखाली गुदमरवलं असं टॅसिटस म्हणतो. रोममध्ये लोक ओरडत होते, तिबेरियसला टायबरमध्ये टाका! तिजोरीत २७० कोटी सेस्टर्स शिल्लक, आणि शिपायाचा वर्षाचा पगार होता ९००, त्यावरून अंदाज घ्या. पुढचा सम्राट कालिगुला, जर्मानिकसचा मुलगा, त्याने ते वर्षभरात उडवले असं सुएटोनियस म्हणतो. आणि त्या कालिगुलाला वारसांत ठेवणारा हाच, हा त्याचा माझ्या लेखी सगळ्यात मोठा गुन्हा, काप्रीपेक्षाही.

राहिलं तुमचं नाणं. भारतात ते सापडणं यात नवल नाही. ऑगस्टस आणि तिबेरियसचे डिनॅरियस दक्षिणेत हंड्याच्या हंडे भरून मिळालेत, कोइम्बतूरच्या बाजूला, तेलंगणात अक्कनपल्लीला तर दीड हजारावर नाणी एकत्र. मिरी, मलमल, मोती यांच्या बदल्यात आलेली. तिबेरियसने स्वतः २२ साली सिनेटला लिहिलं होतं की बायकांच्या रत्नांपायी आपला पैसा परक्यांकडे चाललाय. चांदी जवळजवळ शुद्ध, आणि ६४ साली नीरोने वजन आणि कस दोन्ही कमी केलं, त्यामुळे आपल्या व्यापाऱ्यांना जुनंच नाणं हवं असायचं. महाराष्ट्रात मात्र अशी चांदी तुलनेने फार कमी मिळते, जरी सोपारा, कल्याण, तेर ही नावं त्या व्यापारात होती आणि कोल्हापूरला ब्रह्मपुरीत ब्राँझचा पोसायडन निघालाय. त्यामुळे आजोबांचं गाव कुठलं, ते दक्षिणेत नोकरीला होते का, हे घरात विचारा.

वजन करा, खरं असेल तर साधारण साडेतीन ते पावणेचार ग्रॅम भरेल. कडेवर सांध्याची रेघ किंवा पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसले तर ओतीव नक्कल समजा. बायबलमधलं कराचं नाणं ते हेच असं मानतात, म्हणून याला मागणी जबरदस्त आणि नकला तेवढ्याच. चेहऱ्यावर छिन्नीचा आडवा घाव असेल तर निराश होऊ नका, भारतात सापडलेल्या रोमन नाण्यांवर तो बऱ्याचदा असतो, उलट मला तसं बघून आनंदच होईल. शंभर वर्षांपेक्षा जुनं म्हणजे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू, देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे परदेशातला कुणी ऑनलाइन भाव देत असेल तर सरळ नाही म्हणा. आणि कृपा करून चिंचेने, लिंबाने, टूथपेस्टने घासू नका, काळं पडलंय तसंच राहू द्या, दोन्ही बाजूंचा उन्हात तिरका फोटो काढा आणि वजन कळवा, मग पुढचं बोलू.